दुहेरी कापडाची बाही

देशात विमानतळ किती, असं काकूंना कोणी विचारलं तर त्या आकडा सांगत नसत. "धड किती आणि फाटके किती, ते विचार," असं म्हणून मशिनीचं चाक फिरवायच्या. यात फुशारकी नव्हती. देशातल्या झाडून सगळ्या विमानतळांचं कापड त्यांच्या हाताखालून जात होतं.

दुकान बाजारामागच्या गल्लीत होतं. पुढच्या भागात ट्रकच्या ताडपत्र्या आणि तंबू. मागच्या लांबट खोलीत बेतायचं मोठं टेबल, तीन मशिनी आणि कोपऱ्यात माणसाच्या उंचीचा पंखा. या मागच्या खोलीत बाह्या शिवल्या जात. धावपट्टीच्या कडेला उंच खांबावर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची, दोन्ही तोंडं उघडी असलेली लांब पिशवी फडफडत असते ना, तीच. वैमानिक तिला विंडसॉक म्हणतात. पण दुकानात कापड बेतणारे मास्तर ती पहिल्यांदा बेतताना म्हणाले होते, "वहिनी, ही तर राक्षसाच्या सदऱ्याची बाही!" तेव्हापासून दुकानात ती बाहीच. वारा कुठून येतोय ते तिच्या तोंडावरून कळतं आणि किती जोराचा ते पट्ट्यांवरून. मंद वाऱ्यात खांबाजवळचा पहिला पट्टा तेवढा उचलतो, बाकीची बाही लोंबत राहते. वारा वाढेल तसा दुसरा उचलतो, मग तिसरा. पाचही पट्टे ताठ झाले की छोट्या विमानाने त्या दिवशी घरी बसावं.

नवी बाही हवी तर जुनी परत पाठवा, असा सरकारी नियम होता. त्यामुळे गावोगावच्या विमानतळांच्या फाटक्या बाह्या काकूंच्या टेबलावर येऊन पडत आणि काकू बसल्या जागी देशाचा फेरफटका मारत. समुद्राकाठच्या विमानतळाची बाही खाऱ्या हवेने कडक होऊन यायची. ओसाड माळावरच्या विमानतळाची उन्हाने इतकी विटायची की नारिंगी कुठलं आणि पांढरं कुठलं, ते मास्तर चष्मा पुसूनपुसून शोधायचे. नदीकाठच्या विमानतळाच्या बाहीत एकदा पाखराचं घरटं निघालं. राजधानीची बाही मात्र फाटायच्या आतच बदलली जायची, कारण तिथे मंत्री उतरतात. एका गावाला तर विमान येणंच बंद झालं होतं. कंपनी बुडाली, विमानं विकली गेली, धावपट्टीवर गवत वाढलं. तरी तिथला माणूस दरवर्षी इमानेइतबारे नवी बाही मागवायचा. "कधीतरी येईलच की विमान. तेव्हा धावाधाव नको," असं तो फोनवर म्हणायचा, आणि काकू त्याची बाही सगळ्यांत आधी शिवायच्या.

विमानकंपन्याही काकूंना कापडावरूनच माहीत होत्या, कारण सीटची कव्हरंही त्यांच्याकडेच शिवायला येत. दुकानात त्या तिघींना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. थोरलीची विमानं मोठी, शहरंही मोठी आणि नखरे त्याहून मोठे. एक टीप वाकडी गेली की गठ्ठा परत. मधलीचा मालक सारखा बदलायचा आणि मालक बदलला की रंग बदलायचा, त्यामुळे मधलीच्या कापडाचा ढीग कायम अंगावर पडलेला. धाकटीकडे मोजून तीन विमानं. ती डोंगरातल्या गावांना जायची आणि कव्हरं रफू करूनकरून वापरायची. काकूंचा जीव धाकटीवर होता.

एवढं सगळं असून काकू स्वतः विमानात कधी बसल्या नव्हत्या. कोणी टोकलं की म्हणायच्या, "कव्हर मी शिवलंय, ते पक्कं आहे. पण त्याच्याखाली काय आहे, ते मी कुठं बघितलंय?" खरं कारण वेगळं होतं. त्यांना भीती वाटायची. वरच्या फळीवरचं कापड काढायलासुद्धा त्या शिडीवर मास्तरांनाच चढवायच्या.

आणि अशा बाईच्या पोटी भिंगरी जन्मली.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. ती एका जागी कधी ठरलीच नाही. वडील लवकर गेले. आई मशिनीवर, म्हणून पोर मागच्या खोलीतच वाढली. पंख्यासमोर बाह्या तपासल्या जात, तेव्हा ती बाहीच्या एका तोंडातून शिरून दुसऱ्यातून बाहेर यायची आणि मास्तरांचा ओरडा खायची. मोठी झाल्यावर म्हणाली, मला विमान चालवायचंय. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. पण नाही म्हणायला तोंड उघडलं आणि पोरीचा चेहरा बघून ते तसंच मिटलं. आता भिंगरी धाकटीत लागून वर्ष होत आलं होतं. कॅप्टनच्या शेजारी बसायची, हाताखाली शिकायची.

एक दिवस तिचा फोन आला. "आई, पुढच्या आठवड्यात माझी परीक्षा! खिंडीत मी उतरवायचं. कॅप्टन नुसते शेजारी हाताची घडी घालून बसणार."

खिंडीचं नाव ऐकताच काकूंच्या हातातली कात्री थांबली. सगळ्या देशात त्यांना धाक वाटायचा तो त्याच एका विमानतळाचा. तिथली बाही परत यायची ती चिंध्या होऊन. धावपट्टीच्या एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. उतरायचं ते डोंगराकडे तोंड करून आणि उडायचं ते दरीकडे. दुसरा मार्गच नाही. दरीतून वारा विमानाच्या पाठीवर आला तर विमान वेळेत थांबत नाही. तिथे टॉवरबिवर काही नाही. एक पत्र्याची खोली, एक खांब, आणि रेडिओवर बोलणारा एक माणूस. तो बाहीकडे बघून सांगतो आणि वैमानिक ऐकतो.

"छान, छान," काकू फोनवर म्हणाल्या आणि लगेच कापडाच्या फळीकडे वळल्या.

खिंडीची जोडी त्या आठवड्यात द्यायचीच होती. बाह्या नेहमी जोडीने जात, एक खांबावर आणि एक राखीव. पण या खेपेला काकूंनी मास्तरांना कापड दुहेरी बेतायला सांगितलं. आतून अस्तर, तोंडाला जाड पट्टी, शेपटाला पुन्हा टीप.

मास्तरांनी खडू कानावर ठेवला. "वहिनी, बाही आहे ही. रजई नव्हे."

"माझी लेक उतरायची तिथं. फाटकं लोंबताना दिसलं तर काय म्हणेल?"

"जड होईल."

"मजबूत होईल! तुम्ही बेता."

मास्तरांनी हात टेकले आणि बेतलं. त्यातली पहिली बाही शिवून झाली तेव्हा धाकटीच्या मालाची गाडी दारात उभीच होती. काकूंनी बाही पंख्यापुढे न धरताच गुंडाळली आणि देऊन टाकली. आजवर हजार बाह्या शिवल्या, पंखा काय नवं सांगणार होता?

दुसरी बाही चार दिवसांनी पुरी झाली. ती मात्र मास्तरांनी रीतीप्रमाणे कड्यात अडकवली आणि पंख्याचं बटण दाबलं. पहिल्या वेगाला पहिला पट्टा उचलायला हवा होता. बाही जागची हलली नाही. दुसऱ्या वेगाला नेहमी तीन पट्टे उभे राहत. आज कसाबसा एक उचलला आणि बाकीची बाही ओल्या टॉवेलासारखी लोंबत राहिली. पुढे तर पंखा घरघरायला लागला, टेबलावरचे कागद उडाले, मास्तरांचे उरलेसुरले केस उभे राहिले, आणि बाही म्हणत होती की वारा मध्यम आहे.

"मी सांगितलं होतं" असं म्हणायचा त्यांना पुरा हक्क होता. पण काकूंचा चेहरा बघून त्यांनी मुकाट्याने पंखा बंद केला आणि खुर्ची पुढे सरकवली.

काकूंनी आधी भिंगरीला फोन लावला. बंद. परीक्षेआधी ती दिवसभर हवेत होती. मग खिंडीला लावला. तिथले रेडिओभाऊ म्हणजे गप्पिष्ट आणि भोळा माणूस. काकूंचा आवाज ऐकून खूश झाले.

"काकू, काय बाही पाठवलीत! बघत राहावं अशी. आणि पायगुण बघा तिचा, आल्यापासून वाराच पडलाय."

"वारा पडलाय?"

"एकदम. नाहीतर इथं कान उपटून नेतो वारा. आता बाही शांत म्हणजे शांत. म्हणजे माझी टोपी उडाली काल दोनदा, दाराचा पत्राही वाजतोय. पण बाही म्हणते काही नाही."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो भाऊ, टोपीचं ऐका! बाही खोटं बोलतेय. आधी उतरवा ती."

"उतरवून कसं चालेल? खांबावर बाही नसेल तर विमानाला येऊ देता येत नाही. नियम आहे. परवा तर तुमच्याच मुलीची परीक्षा आहे म्हणे."

"जुनी लावा मग."

"तिच्या काय, चिंध्याच राहिल्या होत्या. त्या बायकोने टोमॅटोच्या वेलींना बांधल्या," रेडिओभाऊ ओशाळून म्हणाले. "परत पाठवायची होती का?"

सामान पाठवावं तर ते धाकटीच्या विमानानेच जाणार, आणि सामानाचा नंबर लागेपर्यंत तीन दिवस जाणार. माणसाबरोबर नेलं तरच परवा पोचेल. परवा सकाळी खिंडीला दोन फेऱ्या होत्या. पहिली उजाडताच, दुसरी त्यानंतर. आणि दुसरी भिंगरीची. काकूंनी हिशेब केला. पहिल्या फेरीने जायचं, बाही बदलायची, आणि लेक उतरायच्या आत पत्र्याच्या खोलीमागे उभं राहायचं. कुणाला ताकास तूर लागायला नको. खुद्द आईने शिवलेल्या बाहीत खोट निघाली, हे परीक्षेच्या दिवशी पोरीला कळायला नको. तिच्या कॅप्टनला तर मुळीच नको.

"कोण जाणार?" मास्तरांनी विचारलं.

"मीच."

"विमानाने?"

"नाही, पोहत," काकू म्हणाल्या आणि एकेरी कापड ओढून मशिनीवर बसल्या. ती बाही त्यांनी त्याच दुपारी शिवली, पंख्यापुढे तीनदा धरली, आणि तिसऱ्यांदाही पाचही पट्टे ताठ उभे राहिले तेव्हा त्यांना जरा श्वास घेता आला.

दुसऱ्या दिवशी काकू थोरलीच्या विमानात बसल्या. बसल्याबसल्या सीटच्या कव्हरवरून हात फिरवला. शिलाई त्यांचीच होती, तेवढाच धीर. विमानाने वेग घेतला तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि मांडीवरचं बाहीचं गाठोडं असं आवळलं की शेजारच्या माणसाने विचारलं, "आजी, आत काही जिवंत आहे का?" आजी म्हटल्याचा राग आला म्हणून काकूंनी डोळे उघडले, आणि उघडले ते उघडेच राहिले. खाली समुद्राकाठचा विमानतळ सरकत होता. खारी हवा, कडक दोरा. बोटाएवढा खांब आणि त्यावर एक नारिंगी ठिपका. पुढे केव्हातरी ओसाड माळ आला. आयुष्यभर टेबलावर पसरून पाहिलेला देश खाली खरोखर होता आणि त्याला कुठेही घडी नव्हती. काकूंना उगाच रडू आलं. शेजारच्याने पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली आणि आजी म्हटल्याबद्दल त्याला माफ केलं.

रात्रीपुरत्या त्या, धाकटीची विमानं जिथून सुटतात त्या गावात, विमानतळाजवळच्या लॉजवर उतरल्या आणि उजाडायच्या आत धाकटीच्या काउंटरपुढे हजर झाल्या. काउंटर म्हणजे एक टेबल आणि एक वजनकाटा. धाकटीत सामानाबरोबर माणसाचंही वजन करतात, विमानच तेवढुसं. काकू गाठोड्यासकट काट्यावर चढल्या. टेबलावरच्या मुलीने काटा बघितला, काकूंकडे बघितलं आणि समजूतदारपणे काही न बोलता लिहून घेतलं.

"पहिली फेरी वेळेवर ना?" काकूंनी विचारलं.

"पहिली रद्द झाली, काकू. खिंडीत ढग उतरलेत. सगळ्यांना दुसऱ्या फेरीने नेणार."

दुसरी फेरी म्हणजे भिंगरीची. म्हणजे खरी बाही ज्या विमानात बसणार, ते विमान खोट्या बाहीकडे बघून उतरणार.

काकू बाकावर बसल्या. गप्प राहता आलं असतं. आज वारा नसेलही. रेडिओभाऊंना टोपीकडे बघून सांगा असं कानात सांगता आलं असतं. आणि बोललं तर? कॅप्टन फेरीच रद्द करील, परीक्षा जाईल, आणि सगळ्या कंपनीत बोभाटा होईल की हिच्या आईनेच घोटाळा करून ठेवला. पोरीने वर्षभर या दिवसाची वाट पाहिली होती. काकूंनी गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.

ऊन चढलं, ढग विरले, आणि समोरच्या फाटकातून दोघं आले. पांढऱ्या मिशांचे एक कॅप्टन आणि त्यांच्या शेजारी, टोपी काखेत मारून, भिंगरी. काकू तिला गणवेशात पहिल्यांदा बघत होत्या. डाव्या खांद्याची शिवण किंचित ओढली होती.

"आई?" भिंगरी जागच्या जागी थबकली. "तू? इथं? आलीस कशी?"

"विमानाने," काकू म्हणाल्या.

"तू विमानाने आलीस? माझी परीक्षा बघायला?" भिंगरीने टोपी टाकून आईला मिठी मारली. "सर, ही माझी आई! ही शिडीवरसुद्धा चढत नाही हो!"

आता गप्प राहणं किती सोपं होतं! लेक परीक्षा बघायला आलेल्या आईला मिठी मारत होती. काकूंनी तिचे हात हलकेच सोडवले.

"परीक्षा बघायला नाही आले गं. खिंडीत जी बाही लावलीय ना, ती खोटी आहे. मीच शिवली. फाटू नये म्हणून दुहेरी केली, पंख्यापुढे न धरता पाठवली. ती जड झालीय. तीन पट्ट्यांचा वारा असला तर एकच उचलते. ही बघ, खरी आणलीय. गुपचूप बदलणार होते, पण पहिली फेरी रद्द झाली." हे सगळं एका दमात बोलून झाल्यावर त्यांनी कॅप्टनकडे बघितलं. "कॅप्टनसाहेब, चूक माझी आहे. पोरीला यातलं काही माहीत नाही."

भिंगरीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती रागावली की वडिलांसारखी दिसायची, तशी दिसायला लागली.

"दुहेरी कशाला केलीस?"

"तू उतरणार म्हणून."

"आई, वारा असू दे ना! जोराचा असू दे. मी बघून घेईन, मला शिकवलंय ते. पण तो मला दिसायला तर हवा!"

टेबलावरची मुलगी काटा पुसायला लागली. कॅप्टन मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "बरं. बाही भरवशाची नाही. म्हणजे मी विमान नेत नाही. परीक्षा तुझी आहे, बोल. काय करायचं?"

भिंगरी आईच्या हातातल्या गाठोड्याकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "आई, अस्तर तोंडाला शिवलंयस की मधेही टाके आहेत?"

"तोंडाला आणि शेपटाला. मधे नाही."

"मग ते कापून का नाही काढायचं? आत्ता. बाहेरची बाही एकेरीच राहील ना?"

काकू बघतच राहिल्या. दोन दिवस त्यांनी डोकं फोडलं, जन्मात पहिल्यांदा विमानात बसल्या, आणि हे त्यांना सुचलं नव्हतं. सुचणार कसं? शिवून दिलेल्या मालाला कात्री लावा, असं त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं.

कॅप्टननी रेडिओ जोडून दिला. पलीकडून रेडिओभाऊंचा घाबरलेला आवाज आला. "सरकारी वस्तूला कात्री? माझी नोकरी जाईल हो!"

"भाऊ, शिवणारी मी सांगतेय," काकू ओरडल्या. "तोंड आपल्याकडे करा. आतलं कापड दिसतंय? पट्टीच्या खालची टीप उसवा. बाहेरच्याला धक्का लावू नका. तसंच शेपटाचं. मग आतलं ओढून काढा, मोज्यातून पाय काढतात तसं."

बराच वेळ नुसती खरखर. मधेच रेडिओभाऊंच्या बायकोचा आवाज आला, "सरा, मला द्या ती कात्री, तुम्ही भोकं पाडाल." आणि मग रेडिओभाऊ धापा टाकत म्हणाले, "लावली वर. अरे बाप रे! अहो, तीन पट्टे उभे! इतके दिवस वारा होता की!"

"कुठून?" भिंगरीने विचारलं.

"आडवा. पश्चिमेकडून."

भिंगरीने कॅप्टनकडे बघितलं. "तीन पट्टे, आडवा. आपल्या विमानाच्या मर्यादेत बसतं. जाऊन वरून डोळ्यांनी बघू, नाही आवडलं तर परत येऊ."

"मी काही बोलत नाहीये," कॅप्टन म्हणाले आणि चालायला लागले.

विमान एवढं लहान की पुढचे दोघं आणि मागचे प्रवासी यांच्यात पडदासुद्धा नव्हता. काकू दुसऱ्या रांगेत, गाठोडं मांडीवर. समोर लेकीचे हात दिसत होते. लहानपणी कात्री धरताना जीभ बाहेर काढायची तशी भिंगरीची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली होती. कॅप्टननी खरोखर हाताची घडी घातली होती.

डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ आले. विमान असं हिंदकळलं की मागे कोणीतरी ओरडलं. समोरच्या काचेत धावपट्टी दिसली, टेबलावर ठेवलेल्या मोजपट्टीएवढी, आणि तिच्या कडेला खांब. काकूंचे डोळे त्या खांबावर खिळले. बाही तीन पट्ट्यांवर होती. विमान खाली उतरत गेलं. बाही थोडी वळली. मग दरीच्या अंगाने झोत आला असावा, कारण बघताबघता चौथा पट्टा उचलला, पाचवा उचलला, आणि बाही ताठ होऊन सरळ डोंगराकडे बोट दाखवायला लागली. वारा पाठीमागून होता.

"भिंगरे," काकू पुटपुटल्या. पण तिला सांगायची गरजच नव्हती.

"नाही उतरत. वर जाते," भिंगरी म्हणाली, आणि विमानाचं नाक उचललं. इंजिन गरजलं, धावपट्टी खाली राहिली, डोंगर काचेतून कडेला सरकला. काकूंनी डोळे मिटले नाहीत. अस्तर आत असतं तर बाहीने काय दाखवलं असतं, ते त्यांना पक्कं माहीत होतं. दोन पट्टे. फार तर अडीच. पोरीने नाक उचललं नसतं. काकूंनी गाठोड्यात तोंड खुपसलं.

दरीवर दोन फेऱ्या झाल्या. भिंगरी खाली बघत राहिली. कुणी घाई केली नाही. हळूहळू बाहीचं शेपूट लोंबायला लागलं, मग बाही वळली, पुन्हा आडवी झाली, तीन पट्टे. भिंगरीने विमान वळवलं आणि डोंगराकडे तोंड करून खाली आणलं. चाकं टेकली तेव्हा एकच दणका बसला, तोही फारसा मोठा नाही. काकूंचा जीव भांड्यात पडला.

खाली उतरल्यावर कॅप्टननी भिंगरीला म्हटलं, "उतरलीस ते ठीकच. पण मी तुला पास केलं ते नाही उतरलीस तेव्हा." मग काकूंकडे वळले. "आणि काकू, चूक झाली की बोलायला माझे कितीतरी वैमानिक महिना लावतात."

काकूंनी मान खाली घातली, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

रेडिओभाऊ टोपी दोन्ही हातांनी धरून पळत आले. त्यांनी खांब आडवा केला, काकूंनी उसवलेली बाही काढली आणि नवी स्वतःच्या हाताने कड्यात ओवली. खांब पुन्हा उभा राहिला. वाऱ्याने बाही भरली आणि सळसळत उचलली. काकूंनी आजवर बाही खांबावर इतक्या जवळून कधी पाहिलीच नव्हती. चार भिंतींत पंख्यापुढे ती फुगायची. इथे ती जिवंत झाल्यासारखी वाटत होती. पलीकडे पत्र्याच्या खोलीच्या दारात रेडिओभाऊंची बायको कापून काढलेलं अस्तर झटकत होती. टोमॅटोच्या वेलींची सोय झाली होती.

भिंगरी शेजारी येऊन उभी राहिली. तिचा राग केव्हाच उतरला होता. "घाबरलीस का गं वर?"

"फार," काकू म्हणाल्या. "तू?"

"मीपण. पण दिसत होतं सगळं."

काकूंनी लेकीच्या डाव्या खांद्याची ओढलेली शिवण चिमटीत धरून पाहिली. दोरा-सुई पर्समध्ये होती. हात तिकडे गेलाही. पण तो त्यांनी परत घेतला. हात हलवायला अडचण होत नव्हती ना, मग असू दे.

"ही एकेरी आहे, आई. इथल्या वाऱ्यात दोन महिन्यांत फाटेल," भिंगरी म्हणाली.

"फाटू दे," काकू म्हणाल्या. "फाटली की फोन कर. दुसरी घेऊन मी येते."